अहो, तो दुसरा कोणीतरी!

पुन्हा तेच! दादरच्या फुलमार्केटात पाठीत सणसणीत धपाटा, वर 'काय रे, ओळख दाखवायची नाही का?' वळून बघितलं तरी गृहस्थांना पटेना. चष्मा काढायला लावला, कानामागे तीळ शोधला! म्हणे आतेभावाची डिट्टो कॉपी. हा आतेभाऊ कोण देव जाणे, पण त्याची उधारी, रुसवेफुगवे सगळं माझ्या गळ्यात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा हुबेहूब दिसणाऱ्या, पण बिननात्याच्या ३२ जोड्या तपासल्या. ज्यांचे चेहरे जास्त जुळले, त्यांच्या जनुकांतही साम्य निघालं. असेल बुवा! म्हणून त्याच्या मावशीने मला भर रस्त्यात 'बारशाला का आला नाहीस' म्हणून झापायचं? आणि चूक कळल्यावर सॉरी नाहीच, उलट सेल्फी हवा, फॅमिली ग्रुपवर टाकायला!