गुडघ्याला बाशिंग, खांद्याला पॅड

जुलैच्या शेवटी अमेरिकन फुटबॉलच्या 32 संघांचे ट्रेनिंग कॅम्प सुरू होतात आणि आम्हा चाहत्यांचं डोकं कामातून जातं. अजून कुणी कुणाला साधा धक्काही मारलेला नसतो. नियमच तसा आहे. पहिले काही दिवस नुसत्या हेल्मेटवर पळायचं, खांद्याचे पॅड नंतर. पण तेवढं पळणं बघून आम्ही कुठला नवखा, त्यातही रग्बीतून आलेला, फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कुठे उभा राहणार, ते ठरवून मोकळे! उतावळ्या नवऱ्याचं निदान लग्न तरी ठरलेलं असतं.

कॅम्पला माणसं 90. नंबर 0 ते 99, त्यातले काही दिग्गजांच्या सन्मानार्थ कायमचे बंद. मग एकच नंबर आक्रमणातल्या एकाला आणि बचावातल्या एकाला, असा दोघांत वाटून द्यावा लागतो. म्हणून कागदावर छापलेली यादी हातात असल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत. ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो भलताच निघतो, आणि आपला माणूस पलीकडे पाणी पीत उभा असतो.

एरवीचा नवखा कॉलेजातून आलेला असतो, त्याची चार वर्षांची आकडेवारी समोर असते, त्यामुळे स्वप्नांना थोडा लगाम राहतो. रग्बीतून आलेल्या गड्याची मात्र आकडेवारीच नसते. कोरी पाटी. तिच्यावर आम्ही वाट्टेल ते लिहितो.

याला जबाबदार जॉर्डन मायलाटा. सिडनीचा पोरगा, उंची 6 फूट 8 इंच, वजन दीडशे किलोच्या वर, रग्बी लीग खेळणारा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. फिलाडेल्फिया ईगल्सने 2018 मध्ये त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या, सातव्या आणि शेवटच्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर उचललं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कॅन्सस सिटीला 40–22 हरवून तो सुपर बोल जिंकला. चाळीतल्या एका पोराने यूपीएससी काढली की उरलेल्या पोरांचं जे होतं, ते त्यानंतर 31 संघांच्या परदेशी पोरांचं झालं. पहिली दोन वर्षं, 2018 आणि 2019, मायलाटा मोसमातला एकही सामना खेळला नव्हता. हे आम्ही जुलै महिन्यात सोयीस्करपणे विसरतो.

दुसरीही एक गोष्ट विसरतो. मायलाटा लाइनमन आहे. त्याला चेंडू हातात घ्यायचाच नसतो, समोरच्याला अडवायचं असतं. आम्ही प्रेमात पडतो ते रग्बीत कडेने चेंडू घेऊन वाऱ्यासारखं सुटणाऱ्या विंगरच्या. इंग्लंडचा क्रिस्टियन वेड घ्या. ऑगस्ट 2019, बफेलो बिल्सकडून पहिलीच सराव-लढत, पहिल्यांदाच चेंडू हातात, आणि थेट 65 यार्डांचा टचडाउन! त्या रात्री बफेलोत कुणी शुद्धीवर नसावं. खऱ्या मोसमात त्याला एकदाही मैदानात उतरायला मिळालं नाही. ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला जॅरिड हेन तर 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 53 जणांच्या अंतिम संघात शिरला, पण पहिल्याच सामन्यात पहिलाच पंट, म्हणजे समोरच्याने लाथेने उंच उडवलेला चेंडू, हातातून निसटला. मोसमाअखेर हिशेब काय, तर 17 वेळा चेंडू घेऊन 52 यार्ड.

सराव-लढतीत 65 यार्ड कसे मिळतात? उत्तरार्धात समोर उभे असतात ते बहुतेक तीन आठवड्यांनी नोकरी शोधणारे. पुण्यात बसून बघणाऱ्यांनी यातली सोय ओळखावी. तिथली संध्याकाळी सातची लढत आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते, पण आपला माणूस मध्यंतरानंतरच येतो. सहाचा गजर पुरतो.

खरी गोची धावण्यात नाही. रग्बीने अंगात मुरवलेल्या चांगल्या सवयी इथे गुन्हे ठरतात, आणि सगळं पाणी तिथे मुरतं. रग्बी युनियनमध्ये चेंडू दोन्ही हातांत धरतात, म्हणजे पास कुठल्या बाजूला जाईल ते समोरच्याला कळत नाही. इथे तो असा धरला की कोच ओरडतो. चेंडूचं टोक बोटांत, बाकीचा तळवा, कोपरापर्यंतचा हात, दंड आणि बरगड्या यांच्यात गच्च आवळायचा, आणि बाहेरच्या बाजूच्या काखेत. तिकडे खाली पाडलं की चेंडू लगेच सोडावाच लागतो, इथे जमिनीला टेकण्याआधी हातातून सुटला तर फंबल, म्हणजे मोकाट चेंडू. पडता पडता मागच्या गड्याकडे चेंडू उडवणं ही तिकडची कला. इथेही मागे पास देता येतो, पण तो जमिनीवर पडला की ज्याच्या हाती लागेल त्याचा, आणि कोचच्या डोक्यावरचे उरलेसुरले केसही जातात. तिकडे पळत येऊन चेंडू घेतात; इथे डाव सुरू करायला चेंडू मागे सुटतो त्या क्षणी एकाच गड्याने हलायचं आणि तेही पुढे नाही, नाहीतर पंचाचा पिवळा रुमाल, पाच यार्ड दंड.

पण घात होतो तो ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे समोरच्याला अडवण्यात. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकशेजारी उभ्या राहणाऱ्या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला, निम्मा वेळ चेंडू मिळतच नाही, त्याला अंगरक्षकाचं काम असतं. चेंडू सुटण्याआधी बचावाच्या दुसऱ्या फळीतला कुठला लाइनबॅकर घुसणार ते ओळखायचं. दोघे घुसले तर आधी आतला धरायचा, कारण त्याचा रस्ता जवळचा. त्याला पुढे सरसावून गाठायचं, मागे राहिलं तर दोघं मिळून क्वार्टरबॅकच्या मांडीवर. कंबर खाली, हात त्याच्या छातीवर आतून. बाहेरून धरलं तर होल्डिंग, दहा यार्ड. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत. आता रग्बीत ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला अडवणं हाच अपराध, लहानपणापासून पाठ केलेला. त्यामुळे तो धिप्पाड माणूस धावत आला की आपला गडी संस्कारी मुलासारखा अर्धं पाऊल बाजूला सरकतो. मागे उभा असतो संघातला सगळ्यात महागडा माणूस. त्यानंतर आपल्या गड्याला गंभीर कामासाठी कोण उतरवील?

म्हणून कॅम्पला जाऊन वेग पाहू नये. आपला गडी कुठल्या फळीत उभा राहतो ते पाहावं, आणि किकच्या वेळी त्याला मैदानात बोलावतात का ते पाहावं. चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या रनिंग बॅकचं पोट किकवर भरतं. 2024 मध्ये किक-ऑफचा, म्हणजे लाथ मारून खेळ सुरू करण्याचा, नियम बदलला: चेंडू झेलेपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत बहुतेक खेळाडूंनी जागेवर थांबायचं, मग एकदम झुंबड. अगदी रग्बीच, असं आम्ही छातीठोकपणे म्हणालो, कारण त्याच वर्षी जानेवारीत विंगर लुई रीस-झॅमिट वेल्सचा रग्बी संघ सोडून इकडे निघाला होता. कॅन्सस सिटीने ऑगस्टअखेर त्याला मोकळं केलं. मग जॅक्सनव्हिलचा सराव-संघ, आणि 2025 मध्ये पुन्हा रग्बी.

ऑगस्टच्या शेवटी 90 चे 53 होतात, तेही हल्ली एका फटक्यात. प्रत्येक संघातून 37, म्हणजे 32 संघांतून 1,184 माणसं. जुनी पद्धत अशी, की एक माणूस येऊन हळूच सांगतो, ‘कोच बोलावतायत, प्लेबुक घेऊन ये.’ प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, परत मागितली की समजायचं. आम्ही दुपारभर फोनवर बोट घासत नाव शोधतो. ते सापडतं दुसऱ्या दिवशी, सराव-संघात. तिथे जागा 16, आणि परदेशी खेळाडूसाठी वेगळी सतरावी. तिचा अर्थ असा, की आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या धावपटूची नक्कल करायची, आपल्याच बचावाकडून आपटून घ्यायचं, आणि रविवारी साध्या कपड्यांत बसायचं.

आम्ही मात्र त्या संध्याकाळी एकमेकांना समजावतो, की घाई काय आहे, मायलाटालासुद्धा तिसरं वर्ष उजाडावं लागलं होतं. जुलैत न आठवलेली ती दोन वर्षं आता तारखांसकट आठवतात.