बायो सोडलं होतं, आता नीट कशी देणार?

मागच्या दिवाळीत फराळ करता करता माझी भाची म्हणाली, "मावशी, मला नीट द्यायचीय." म्हणजे डॉक्टर होण्यासाठीची प्रवेश परीक्षा. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. अकरावीत बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि बायो सोडून दिलं होतं. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बायोच नाही तर डॉक्टर कसली होतेस?"

मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायो शिकवते, आणि या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. दहावीचा निकाल लागल्यावर चार दिवसांत, मैत्रिणी काय घेतायत ते बघून पोरं ग्रुप ठरवतात. तेवढ्यावर जन्मभराचं दार बंद करायचं?

खरं तर ते दार आता उघडलंय, हेच अनेक घरांत माहीत नाही. पूर्वी अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं बायो नियमित वर्गात, प्रात्यक्षिकांसह शिकलेलं लागायचं. २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढली. बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून बायो अतिरिक्त विषय म्हणून पास झालेल्यांनाही नीट देता येते. वयाची वरची मर्यादा तर २०२२ मध्येच गेली.

पण पुढचा रस्ता कसा चालायचा, याबद्दल मला जास्त बोलायचंय. एका क्लासमध्ये भाचीला सांगितलं, "बायो म्हणजे पाठांतर, एमसीक्यू सोडवत राहा, आपोआप येईल." प्रश्नसंचांचा गठ्ठा घेऊन ती घरी आली. पंधरा दिवसांनी मी विचारलं, "मोनाडेल्फस म्हणजे काय?" ती म्हणाली, "जास्वंद." उदाहरण बरोबर होतं, पण त्यापुढे तिला काहीच सांगता येईना.

त्या रविवारी आम्ही जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं चिरलं. सगळे पुंकेसर एकाच नळीत जोडलेले, हेच मोनाडेल्फस, आणि त्या नळीतून वर आलेली कुक्षी. मग कुंपणावरची गोकर्ण आणली: नऊ पुंकेसर एकत्र, दहावा वेगळा, म्हणजे डायाडेल्फस. शेजारच्या काकूंकडून लिंबाचं फूल मागून आणलं, त्यात पुंकेसरांचे अनेक झुबके, म्हणजे पॉलिअडेल्फस. तीन अवघड शब्द तासाभरात कायमचे बसले. वर्गात बसलेल्या मुलांनी जे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तेच बायो सोडलेल्या मुलांचं राहून गेलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की, आधी बालभारतीचं दहावीचं विज्ञान भाग २ काढा. आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया हे धडे मराठीतून नीट समजून घ्या, मग एनसीईआरटीची पुस्तकं, आणि एमसीक्यू सगळ्यात शेवटी. यात दीड-दोन महिने गेले तरी जाऊ द्या. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न बायोचे, ७२० पैकी ३६० गुण. इतक्या मोठ्या इमारतीचा पाया घाईत भरू नये.

आणि गणित-फिजिक्सवाल्यांनो, तुम्ही रिकाम्या हाताने आलेला नाही. फुप्फुसाच्या वायुकोशात ऑक्सिजनचा आंशिक दाब १०४ मिलिमीटर पारा, तिथे येणाऱ्या रक्तात ४०. भाचीने आकडे पाहिले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "म्हणजे ऑक्सिजन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, रक्तात जाणारच की!" माझ्या वर्गातली कितीतरी मुलं हे आकडे नुसते घोकतात. जेनेटिक्समधलं ९:३:३:१ हे गुणोत्तर तर तिने संभाव्यतेचं गणित म्हणून मांडून दाखवलं. मला इतका आनंद झाला की त्या रात्री ताईला फोन करून सांगितलं.

एक मात्र विसरू नका. अतिरिक्त विषयाची प्रात्यक्षिकं आणि मार्कशीट आधी मार्गी लावा. भाचीने एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बायो घेतलंय, प्रात्यक्षिकांसाठी अभ्यास केंद्रात जावं लागतं. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोत पास व्हावंच लागतं. नीटमध्ये कितीही गुण मिळाले तरी ही अट सुटत नाही.

दहावीची जुनी पुस्तकं माझ्याकडे बरीच पडून आहेत. कुणाच्या मुलाला-मुलीला हवी असतील तर मेसेज करा, पोस्टाने पाठवते. रविवारी सकाळी फोनवर शंका विचारल्या तरी चालेल.