बाबांची पांढरी गोळी

घरातल्या प्रत्येकाची आजारपणाची माहिती एका कागदावर लिहून ठेवा, असं आमच्या आशाताईंनी बजावलं. १०८ची गाडी आली की डॉक्टर विचारतात आणि घरचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, म्हणून.

पहिल्याच रकान्यात अडलो. बाबांचं आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि गाव हाक मारते ते तिसरंच. जन्मतारखेचा मात्र त्रास नाही. बाबा, काकाजी, मोठी आई, सगळे १ जूनचे. गुरुजींची कृपा!

"बाबा, बीपीची गोळी कोणती?"

"बारीक. पांढरी."

"अन् शुगरची?"

"थे बी पांढरीच. पण मोठी हाय."

कपाशीवरची औषधं विचारा, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, पंपाला किती टाकायचं, झोपेतून उठवलं तरी सांगतील. रोज स्वतःच्या पोटात जाते तिचं नाव नाही ठाऊक. बंडीच्या खिशात मावावं म्हणून पाकीट कैचीनं कापलेलं, उरलेल्या तुकड्यावर फक्त '...पिन ५'. तो तुकडा घेऊन मेडिकल गाठलं, तेव्हा कळलं: ॲम्लोडिपिन ५. शुगरची मेटफॉर्मिन ५००. फवारताना चक्कर आली तर औषधाचा डबाही दवाखान्यात न्यायचा, हेही लिहून टाकलं. उपचार त्यावरच्या नावावर ठरतो.

काकाजींचा सगळा जोर रक्तगटावर. "बी पॉझिटिव्ह लिही, मोठ्या अक्षरात!" रक्त चढवण्याआधी दवाखाना गट पुन्हा तपासून घेतोच, हे सांगून पाहिलं. त्यांना तो अपमान वाटला.

ॲलर्जीच्या रकान्यात मोठ्या आईनं वांगं सांगितलं. धाकटीच्या सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, विषय निघाला अन् घर गप्प.

"थे कायले लिहितं बापू? पोरीचं लगन पाहाचं हाय."

डॉक्टरला सगळ्यात आधी सांगायची गोष्ट नेमकी हीच. मी लिहिलीच. मोठी आई दोन दिवस बोलली नाही, तेवढं चालतं.

कागद आईनं लगेच आलमारीत, सातबाऱ्याच्या फायलीत कुलूपबंद केला. किल्ली तिच्या कमरेला. भांडून तो बाहेर काढला, फोटो काढून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला आणि मूळ प्रत सैपाकघराच्या दारामागे चिकटवली. तिथं रिकामी जागा दिसल्यावर आईनं दुधाचा हिशेब मांडला. आता घाईत कुणी वाचलं तर बाबांना सकाळी जेवल्यावर मेटफॉर्मिन ५०० आणि म्हशीचं दीड लिटर सुरू आहे.