भाई निघाले लिस्बनला, कट्टा अडकला दुबईत

फोंड्याच्या आमच्या कट्ट्यावर परदेशाचा जाणकार नसलेला माणूस सापडणं कठीण. जो स्वतः गेला नाही त्याचा मेव्हणा तरी मस्कतला असतो. त्यामुळे भाईंनी नुसतं "मे महिन्यात हिला घेऊन लिस्बनला जाऊन येईन म्हणतो, भाचा बोलावतोय. जाताना दुबईत पुतणीकडे दोन दिवस" एवढं सांगितलं आणि सगळ्यांचा भाजी-पाव बशीतच गार झाला.

"पासपोर्ट कधी संपतोय?" हा दुबईवाला. उमेदीची वर्षं तिकडे काढून आता गावात स्थायिक.

परत आल्यावर पाचेक महिन्यांनी संपतो, भाई म्हणाले.

"मग विसरा. सहा महिने लागतात."

"कुणाला लागतात?" मास्तरांनी चष्मा वर केला. "शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम मी वाचलाय. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालायला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. भाईंचा चालतो."

"मास्तर, तुम्ही बेळगावच्या पुढे गेलाय कधी?"

"वाचायला बेळगावच्या पुढे जावं लागत नाही."

इथे तारवटी मध्ये पडला. जहाजावरचा माणूस, रॉटरडॅमपासून सांतोसपर्यंत बंदरं पालथी घातलेला. "मला कुणी काही विचारलेलं आठवत नाही. पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, दाखवायची, चालू लागायचं." खरंच आहे त्याचं, कारण त्याची फाईल कंपनीचा एजंट तयार करतो. हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, विमा हे त्याने आयुष्यात स्वतः जमवलेलं नाही. दुबईवाल्याचा व्हिसा मालकाने काढलेला. माझं मत विचाराल तर भाईंच्या कामाला यातला एकही अनुभव सरळ लागू नव्हता, आणि आवाज मात्र या दोघांचाच सगळ्यात मोठा होता.

त्यात सुट्टीवर आलेला पोर्तुगीज पासपोर्टवाला. "भाई, तुम्हाला व्हिसा हवाच कशाला? तुमचा जन्म एकसष्टच्या आधीचा. लिस्बनला जन्म नोंदवा, तिकडचा पासपोर्ट घ्या."

"आणि इकडचं नागरिकत्व?"

"ते जातं. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढायचं."

"तीन आठवड्यांच्या सहलीसाठी मी देश सोडू? पात्रांव, तुझं तुझ्यापाशी ठेव," भाई म्हणाले. त्याच्या पोटापाण्यासाठी ते बरोबर असेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती वाट आहे म्हणून गोव्यातली कितीतरी घरं युरोपात उभी राहिली. पण भाच्याकडे जाऊन येणाऱ्या पेन्शनरासाठी तो उपाय नव्हे.

मग पैशांवर गाडी आली. तारवटी म्हणाला, खातं रिकामं दिसायला नको, मी तीन लाख टाकतो, व्हिसा आला की परत द्या. बँकेतून निवृत्त झालेले आमचे कामत एरवी कमी बोलतात. ते एकदम म्हणाले, "अर्जाच्या आदल्या आठवड्यात तीन लाख आले की तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाणार. भाईंची पेन्शन दर महिन्याला येते, खर्च होते, थोडी उरते, मुदत ठेवी आहेत. तेच दाखवा. आयकराचं विवरण जोडा." माझ्या मते या सबंध संध्याकाळचं सगळ्यात उपयोगी बोलणं हेच. त्यांना पाहायचं असतं ते भाईंची मिळकत, भाईंचा खर्च आणि भाई परत येतील की नाही. श्रीमंती पाहायची नसते.

त्यालाच लागून नावाचं लचांड निघालं. भाच्याच्या पोर्तुगीज कागदांवर आजोबांच्या काळातलं स्पेलिंग, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. भाईंच्या पासपोर्टवर साधा के. नातं एक, स्पेलिंगं दोन. आमच्याकडे हे घरोघरी आहे. मास्तर म्हणाले, लपवायचं काय त्यात? आमंत्रणपत्रासोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडा, कोण कुणाचा ते लिहा, जुन्या दाखल्याची प्रत लावा.

तिकिटाचंही वाजलं. दुबईवाल्याच्या मते आत्ता स्वस्त आहे, काढून टाका. मास्तरांच्या मते व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नये. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण पंचेचाळीसपर्यंतही लांबू शकतो. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. ९० युरो फी, ती नकार आला तरी गेलीच. यावर दुबईवाल्याला काही सुचेना, म्हणून त्याने चहा सांगितला.

सामानावर कट्ट्यावरच्या सगळ्यात धाकट्याने तेवढं एक कामाचं सांगितलं: पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात नाही. वहिनींची यादी मोठी. भाच्यासाठी पेढे, घरचं तूप, सुके बांगडे, शागोतीचा मसाला. पेढे आणि तूप बाद, कारण युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सुके बांगडे मात्र चालतात! मासळीला माणशी वीस किलोपर्यंत सूट आहे. हे ऐकून तारवटीने टेबलावर थाप मारली.

मसाल्यावर दुबईवाला अचानक गंभीर झाला. "वहिनी खसखस घालतात?"

"शागोतीत नाही घालणार तर कुठे?"

"मग तो डबा दुबईला नेऊच नका. तिथे खसखस अमली पदार्थांत मोडते. दाणे सापडले तरी पंचाईत."

एका क्षणात कट्टा गप्प. आणि तेव्हा मास्तरांच्याच डोक्यात उजेड पडला. दोन दिवस पुतणीकडे म्हणजे दुबईत बाहेर पडायचं. म्हणजे तिथला वेगळा व्हिसा, आणि तिथे पोचताना पासपोर्टला सहा महिने हवेत. लिस्बनला चालणारा भाईंचा पासपोर्ट दुबईतच अडणार होता. नुसतं विमान बदलायचं असतं तर प्रश्न आलाच नसता.

"मी पहिल्यांदा काय म्हटलं?" दुबईवाला.

"बरोबर बोललास, पण चुकीच्या देशाबद्दल," मास्तर.

ठरलं ते असं. पुतणीला गाळायचं नाही, पासपोर्टच नवा करायचा. पणजीला जायचं, छत्तीस पानी, १,५०० रुपये. तत्काळचे वरचे २,००० वाचवायचे, कारण वेळ आहे. नवा नंबर हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. वहिनींचा पासपोर्ट तेव्हाच पाहिला, तर तो भाईंच्याही आधी संपत होता.