लॅम्बर्ट चेंबर्स यांची सात विजेतेपदं फुकटची नव्हती

२०२५च्या विम्बल्डनमध्ये इगा श्वियाँतेकने अंतिम सामना ६-०, ६-० असा जिंकला आणि १९११ साली हाच स्कोअर करणाऱ्या ब्रिटिश टेनिसपटू डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांचं नाव पुन्हा चर्चेत आलं. तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: त्या काळी विजेतीला एकच सामना खेळावा लागे, म्हणजे बाईंची सात विजेतेपदं हे जेमतेम सात सामने, समोर कुणी तोलामोलाची नव्हती, आणि १९१९मध्ये फ्रान्सच्या सुझान लाँग्लेनने त्यांचा धुव्वा उडवून कारकीर्द संपवली.

पहिला मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. चॅलेंज राउंडची पद्धत १९२१पर्यंत होती हे खरं. बाकी सगळ्या जणी ऑल-कमर्स स्पर्धा खेळत, तिची विजेती गतविजेतीशी भिडे. पण ही सवलत फक्त गतविजेतीला. चेंबर्स यांनी १९०३, १९०४, १९०६, १९१०, १९११, १९१३ आणि १९१४ साली किताब जिंकला. यांपैकी गतविजेती म्हणून उतरल्या त्या १९०४, १९११ आणि १९१४ या तीनच वर्षी. उरलेल्या चारही वेळा त्या पहिल्या फेरीपासून खेळत वर आल्या. १९०९ आणि १९१२ साली बाळंतपणामुळे त्या उतरल्याच नाहीत, आणि परतल्यावर दोन्ही वेळा रांगेत शेवटून सुरुवात. मूल झाल्यावर पुढच्याच वर्षी किताब, तोही दोनदा. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

तोलामोलाची नव्हती? कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या मे सटनने त्यांना १९०५ आणि १९०७ साली हरवलं. मधल्या १९०६ला चेंबर्सनी तिला ६-३, ९-७ असं परतवलं. १९११च्या सामन्यात शून्यावर गेलेली डोरा बूथबी १९०९ची विजेती होती. १९०८च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात तिनेच चेंबर्सना दुसऱ्या सेटमध्ये ७-५पर्यंत झुंजवलं होतं. परदेशी खेळाडू तेव्हा कमी येत, एवढं मात्र मान्य करायला हवं.

आता १९१९. इथे 'धुव्वा' हा शब्द वाचून खरोखर वाईट वाटतं. स्कोअर होता १०-८, ४-६, ९-७. चव्वेचाळीस गेम! महिलांच्या अंतिम सामन्यात याहून जास्त गेम व्हायला १९७० साल उजाडावं लागलं. चेंबर्स चाळीस वर्षांच्या, लाँग्लेन वीस. शिवाय चॅलेंज राउंडची ती सवलत इथे उलटी फिरली. युद्धामुळे १९१५ ते १९१८ स्पर्धाच झाली नव्हती, त्यामुळे १९१४ची विजेती म्हणून चेंबर्स थेट शेवटच्या सामन्यात उतरल्या. समोरची मुलगी मात्र याच गवतावर फेऱ्यांमागून फेऱ्या जिंकून हात बसवून आलेली. तरीही तिसऱ्या सेटमध्ये १-४ अशा पिछाडीवरून त्यांनी ६-५, ४०-१५ अशी आघाडी घेतली, म्हणजे दोन मॅच पॉइंट. त्यातला एक हुकला तो लाँग्लेनच्या रॅकेटच्या लाकडी कडेला लागून चेंडू कसाबसा जाळीपलीकडे पडला म्हणून.

कारकीर्द तिथे संपली, हेही चूक. १९२०ला सवलत नव्हती. एक्केचाळिसाव्या वर्षी त्या सगळ्या फेऱ्या खेळल्या, मॉला मॅलरी आणि एलिझाबेथ रायन या अमेरिकी खेळाडूंना हरवून पुन्हा लाँग्लेनसमोर आल्या. तो सामना ६-३, ६-० असा सरळ हरल्या. पण १९२५ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला, ब्रिटन-अमेरिका महिला संघांच्या वाइटमन कपमध्ये त्यांनी एलेनॉर गॉसला एकेरीत हरवलं, आणि अर्मिन्ट्रूड हार्वीला जोडीला घेऊन दुहेरीही जिंकली. त्या दुहेरीत पलीकडे मॅलरीच्या जोडीला उभी होती मे सटन, लग्नानंतरची मिसेस बंडी. ब्रिटनने ती लढत ४-३ अशी जिंकली. त्या चारांतले दोन गुण चेंबर्स यांच्या रॅकेटमधून आले.