ळ कापलेला फोटो

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. दुकान उघडून तासभर झाला, अजून मशीन चालू केलेलं नाही. आधी हे लिहितो, मग काय ते काम.

आजच्या पेपरात (नाव घेत नाही, तुमच्याही घरात येतो) आतल्या पानावर एक फोटो आहे. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद वर्कशॉपची मागची भिंत आणि तिच्यावर स्प्रेने काढलेली हिरवी-जांभळी अक्षरं. मथळा काय, तर ‘माथेफिरूंकडून भिंत विद्रूप, नागरिकांतून संताप’.

कुठल्या नागरिकांतून ओ? त्या भिंतीपुढं कित्येक वर्षं कचरा पडतोय. एक गंजलेला टेम्पो आहे, त्यात कुत्री व्यालेली. संतापलेला नागरिक तिथं दोन मिनिटं उभा राहिला तर आधी नाकाला रुमाल लावील. बातमी वीतभर, आणि तेवढ्यात ‘टवाळखोर’, ‘टोळके’, ‘नशेखोरीचा संशय’ आणि ‘पाश्चात्त्य विकृती’ असं सगळं बसवलंय. माजी नगरसेवकाचं म्हणणं आहे, शेजारच्या पानपट्टीवाल्याचं म्हणणं आहे. ज्यानं काढलं त्याचं म्हणणं नाही. त्याला शोधायला काही सीआयडी लागत नव्हती, अर्ध्या उद्यमनगराला माहीत आहे.

भिंतीवर काय लिहिलं होतं ते बातमीत कुठंच नाही, म्हणून मी सांगतो. ‘खुळा’. एवढंच. शिरोरेषा नाही, अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, आणि शेवटचा ळ असा काही घुमवलाय की मी गाडी बंद करून बघत बसलो होतो. ‘नाद खुळा’ टी-शर्टावर छापून जगाला विकणारं हे गाव. आणि पोरानं स्वतःच सही केलीय खुळा म्हणून, त्याला तुम्ही माथेफिरू म्हणून नवीन काय सांगितलंत?

ळ बद्दल मी एवढं का बोलतोय, तर आमचे आप्पा.

जुन्या मित्रांना माहीत आहे, आप्पा मंगळवार पेठेत पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती. आणि निवडणूक आली की भिंती. १९९० ची विधानसभा, मी पाचवीत. रात्री जेवून आप्पांबरोबर निघायचं, माझ्या हातात बॅटरी आणि निळीचा डबा. आधी चुना मारून घेतलेला असायचा. मग दोरीला नीळ लावायची, एक टोक आप्पांकडं, एक माझ्याकडं, मध्ये चिमटीनं ओढून सोडायची. टण्ण. भिंतीवर सरळ निळी रेघ. त्या रेघेवर आप्पा अक्षरं बसवायचे, खडूनं न आखता. कुठल्या पक्षाचं ते विचारू नका. एका रात्रीत तीन पक्षांच्या भिंती केल्यात आम्ही, फक्त डबे वेगळे. पोलीस गाडीचा उजेड दिसला की बॅटरी विझवायची आणि बोळात जाऊन लघवीला बसल्यासारखं करायचं.

आणि सगळं झालं की खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरात आप्पा स्वतःचं नाव टाकायचे. त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

त्या निवडणुकीत एका पेपरनं फोटो छापला. ‘शहराचे विद्रूपीकरण’ असंच काहीतरी. भिंत आमची, अक्षर आप्पांचं. मला वाटलं आप्पा घाबरतील नाहीतर चिडतील. त्यांनी फोटो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, “कोपरा कापला की रं.” नाव गेलं होतं. तेवढंच त्यांना लागलं. विद्रूपबिद्रूप त्यांच्या कानावर पण गेलं नसावं.

असो. कुठं होतो? पेपर.

गंमत बघा. मागच्या वर्षी ह्याच पेपरनं पहिल्या पानावर रंगीत फोटो टाकला होता, ‘शहरातील भिंती झाल्या बोलक्या’. स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी ठेकेदाराकडून काढून घेतलेली चित्रं. दोन हातांत धरलेली पृथ्वी, चष्मा, झाडू, आणि रंकाळ्याचा एक सूर्यास्त, ज्यात सूर्य चुकीच्या बाजूला. म्हणजे भिंती बोलक्या हव्यात, पण त्यांनी काय बोलायचं ते निविदा काढून ठरणार. आणि एके काळी मराठी पेपरात ‘ग्राफिटी’ (म्हणजे भिंतीवरचं लिखाण) नावाचं सदर रोज यायचं, आठवतंय का? एक ओळीचा विनोद, लोक कापून टेबलाच्या काचेखाली ठेवायचे, एसेमेसवर फिरवायचे. भिंतीवरून नाव उचललं ते चाललं. भिंत नको.

आणि फ्लेक्स? वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, खाली चाळीस शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोतली तोंडं. सिग्नल झाकणारे, झाडाला खिळे मारून लावलेले. १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यात बेकायदा जाहिराती पण येतात. कधी वाचलंय ‘माथेफिरूंकडून दादांना शुभेच्छा’? तेच दादा त्याच पेपरात पान भरून जाहिरात देतात, मग कोण कशाला बोलंल. बोला, मला काय, त्यातले निम्मे फ्लेक्स मीच छापलेत. होय. निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी प्रचाराच्या भिंती बंद केल्या, नंतर फ्लेक्सनं पाट्या खाल्ल्या, आप्पांचा ब्रश सुकला आणि त्यांच्या पोरानं फ्लेक्सचं मशीन घेतलं. पोट आहे. पण म्हणूनच सांगतो, शहर घाण कोण करतंय ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, बिलबुक आहे माझ्याकडं.

पन्हाळ्यावर नावं कोरणाऱ्यांना फोडून काढा, पहिला हात माझा. आणि हो, ज्याची भिंत त्याला विचारायला पाहिजे होतं, मान्य. झालं? पुढं जाऊ?

ते पोरगं माझ्या दुकानात येतं, व्हिनाइलचे उरलेले तुकडे मागायला. एकोणीस-वीस वर्षांचं, चित्रकलेचं शिकतंय. आई-बापानं अजून पेपर वाचला नसला तर बरं, म्हणून नाव सांगत नाही. ह्या विषयातलं जे काय मला कळतं ते त्यानंच शिकवलंय. त्यानं सांगितलं, न्यूयॉर्कमध्ये टाकी १८३ म्हणून एक पोरगं होतं. राहायला १८३ व्या रस्त्यावर, काम निरोप्याचं, त्यामुळं शहरभर फिरणं आणि जाईल तिथं नाव. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सनं त्याला शोधून, त्याच्याशी बोलून बातमी केली. बोलून! पुढच्याच वर्षी तिथल्या महापौरानं ग्राफिटीविरुद्ध युद्ध पुकारलं ते वेगळं, पण वार्ताहर निदान पोराला जाऊन भेटला तरी. फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड नावाचा एक होता, त्याच्याबद्दल पेपरनं छापलं की तो मेला. गडी प्राणिसंग्रहालयात शिरला आणि हत्तीच्या अंगावर रंगवून आला, कॉर्नब्रेड जिवंत आहे म्हणून. हत्तीला त्रास द्यायला नको होता, पण शुद्धिपत्र असावं तर असं.

मग हसता हसता पोरगं गप्प झालं आणि मायकेल स्टुअर्टचं सांगितलं. १९८३, वय २५, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्टेशनात भिंतीवर लिहितो म्हणून पोलिसांनी पकडला. दवाखान्यात नेला तो शुद्धीवर आलाच नाही, तेरा दिवसांनी गेला. खटला चालला, पोलीस सगळे सुटले. आणि त्याच शहरात थोडं आधी भिंतींवर लिहीत फिरणाऱ्या बास्किया ह्या चित्रकाराचं एक चित्र २०१७ साली लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं.

ह्या गावाला आपण कलापूर म्हणतो. बाबूराव पेंटरांचं नाव घेतल्याशिवाय इथं एक सत्कार होत नाही. त्यांचं आडनाव मेस्त्री. पेंटर हे कामावरून पडलेलं नाव. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा तयार केला, १९२० ला ‘सैरंध्री’ सिनेमा काढला. आज ते विशीत असते आणि रात्री स्प्रेचा डबा घेऊन दिसले असते, तर ह्या वार्ताहरानं काय लिहिलं असतं? टवाळखोर मेस्त्री.

चिडून उपयोग नाही, कळतंय. वार्ताहर पण पोरगाच असणार. पगार किती, दिवसाला बातम्या किती, मथळा वरून कोण लावतं, मला माहीत आहे. पण भावा, एक फोन करायचास.

मघाशी हे टाइप करत होतो तेव्हा ते पोरगं आलं. हातात पेपर, चेहरा उतरलेला. मी म्हटलं घाबरलं असंल. पोलिसात ओळख आहे, बघू, असं सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं फोटो माझ्यापुढं धरला.

“काका, ळ कापलाय ओ.”

खरंच की. कॉलमात बसवायला उजवी बाजू उडवलीय. नुसतं ‘खु’ आणि अर्धा ळ. मी इतका वेळ मथळाच वाचत होतो.

आप्पांचं ते कात्रण ट्रंकेत आहे. त्यांनी पुढं त्याच्या समासात, जिथं कोपरा असायला हवा होता तिथं, बॉलपेननं नाव लिहून ठेवलंय. पोराला ते दाखवलं नाही. उगाच मी रडायचो दुकानात.

सकाळी साडेनऊला मालकानं माणूस लावून भिंतीला चुना मारलाय, म्हणजे आता नवीन फोटो मिळणार नाही. पोराच्या मोबाइलमध्ये एकच आहे, तोही रात्रीचा, हललेला. गेल्या चार दिवसांत त्या रस्त्यानं जाताना कुणी दिवसाउजेडी अख्ख्या भिंतीचा फोटो काढला असंल तर मला इनबॉक्समध्ये पाठवा. ळ पूर्ण दिसला पाहिजे. दोन बाय तीनमध्ये छापून देणार आहे त्याला, पैसे नको.