किडनीचे फार लाड करू नका

आपल्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं तर बहुतेक झोपेच्या वेळी येतं. अख्खी गल्ली उठते. मोटारी सुरू होतात. टाकी, बॅरल, हंडे, कळशा, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवतात. उजनीवरून शंभरेक किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी ते! एवढ्या लांबचा पाहुणा काय घशाखाली ढकलायचा असतो? गाडी धुवा, अंगण शिंपा, कूलरमध्ये ओता. प्यायचं मात्र सकाळी चहाबरोबर अर्धा ग्लास, बास. मे महिन्यात पारा ४३ वर गेला आणि लघवी करडईच्या तेलासारखी पिवळीधमक झाली, तर घाबरू नका. उन्हाळ्यात सगळंच जरा दाट होतं.

किडनी ही काय चीज आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे तिच्याकडून काम काढून घेता येईल. मुठीएवढ्या दोन, कमरेच्या जरा वर, पाठीच्या बाजूला. एकेकीत दहा लाखांच्या आसपास बारीक चाळण्या, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोघी मिळून रक्तातून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं अंगाला परत करतात. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीचा बोनस नाही, युनियन नाही. असा कामगार हाताला लागला तर कारखानदार काय करतो? आणखी दोन माग त्याच्या गळ्यात मारतो. तुम्हीही तेच करायचं.

सुरुवात ताटापासून. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. ही मंडळी सोलापुरात कधी जेवायला बसलेली दिसत नाहीत. कडक भाकरी चुरली, त्यावर शेंगाचटणी, बाजूला लोणचं आणि पापड, एवढ्यातच त्यांचा चमचा भरून सांडला. (शेंगाचटणीला मी दोष देत नाही. तिच्याबद्दल वाकडं बोललेलं मी सासऱ्यांचंही ऐकून घेणार नाही. दोष त्या हाताचा, जो आमटी चाखायच्या आधीच मिठाच्या बरणीकडं जातो.) मिठानं बीपी चढतं आणि चढलेलं बीपी त्या चाळण्यांतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांवर रोज घाव घालतं. त्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिलीच असेल, तर महिनाभरानं ‘आता नॉर्मल आलंय’ म्हणून बंद करून टाका. नॉर्मल गोळीमुळंच आलं होतं, असल्या शंका घरात कुणालाही काढू देऊ नका.

शुगर असणाऱ्यांचं तर शास्त्र तयारच आहे. तपासणीच्या आधी तीन दिवस कारल्याचा रस, रिपोर्ट हातात पडला की त्याच पावली जिलेबी. फक्त एचबीएवनसी नावाची एक चुगलखोर तपासणी आहे, ती मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगून टाकते. तिच्यापासून लांब राहा.

खरी मजा पुढंच आहे. पावरलूमवर बारा तास उभं राहून कंबर धरते, विडी वळून वळून मान धरते. अशा वेळी दवाखान्यात जाऊन रांगेत बसायचं नाही. मेडिकलच्या काउंटरवर कोपर टेकवायचं.

‘कंबर धरली की हो.’

‘कालचीच देऊ का?’

‘त्यानं काय होईना बघा. जरा जड द्या की.’

झालं निदान. उन्हानं अंगातलं पाणी आटलेलं असतं तेव्हा किडनी आपल्याकडं रक्त आणणारी वाट कशीबशी उघडी धरून बसलेली असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमका तिचा तो हात सोडवतात. कंबर मोकळी होते, माणूस परत मागावर उभा राहतो, उत्पादन थांबत नाही. किडनीचं काय? ती काही बोलली का? नाही ना? मग.

मुतखडा झालाच, तर मित्र बिअर सुचवतील. मित्रांचं ऐका. भरपूर पाणी, त्यात लिंबू पिळलेलं, हा उपाय फार साधा पडतो. लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही म्हणतात, पण लिंबूपाणी प्यायला चार दोस्त जमतील का? नाहीतर कुणाच्या तरी मेहुण्यानं आणलेली पुडी घ्या, बिनलेबलची, राखाडी. आत काय आहे ते विचारू नका. कधी शिसं निघतं, कधी पारा.

तपासणीचं मात्र कुणी मनावर घेऊ नका. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत बऱ्याचदा निम्मं काम बसलेलं असतं. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे चाळणीतून निसटलेलं प्रोटीन, त्याच्या कितीतरी आधी सांगतं, पण ती तपासणी फारच सोपी आहे, म्हणून तिचा भरवसा वाटत नाही. लघवीला फेस राहत असेल तर समजा, बायकोनं संडासात नवीन लिक्विड टाकलंय.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी हे सगळं मनापासून पाळलं. आता आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास ते डायलिसिसच्या मशिनला जोडलेले असतात. लघवी जवळजवळ बंद, म्हणून पाणी मोजून. चहा, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला एक लिटर. काकूंनी त्यांच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवलीय.

परवा रात्री अडीचला पाणी आलं. काका गॅलरीत खुर्ची टाकून जागेच होते, गालात बर्फाचा खडा. आमचा बॅरल भरून वाहायला लागला होता आणि मी उभ्या उभ्या पेंगत होतो.

‘मोटार बंद कर की बे,’ वरून आवाज आला. ‘पाणी चाललंय.’